पांढऱ्या डागाची चार नावं

सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात खिडकीजवळचं स्टूल पेशंटचं. डाग दिवसाच्या उजेडात बघायचा, ही तिथली पहिली रीत. ट्यूबलाइटखाली फिकटपणा फसवतो.

मी गेले त्या सकाळी स्टुलावर नऊ-दहा वर्षांचा मुलगा बसला होता. डाव्या दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा. आईनं टेकायच्या आधीच विचारलं, "डॉक्टर, कोड तर नाही ना हे?"

"बघू या, ताई. बाळा, शर्ट काढ. बनियनही."

डॉक्टरीणबाई आधी त्या डागाकडे वळल्याच नाहीत. पाठ पाहिली, मान पाहिली, केस बाजूला सारून टाळू पाहिली, नखं, तोंडाच्या आतली बाजू. पेशंट एक जागा दाखवतो, पण निम्मं निदान डाग कुठे आहे आणि कुठे नाही यात असतं. खरूज बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर सापडते, रात्री जास्त खाजते, आणि घरात विचारलं तर आणखी दोघं खाजवत असतात. सोरायसिसला कोपर आणि गुडघे आवडतात. नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि मधोमध आल्यावर थांबते, कारण तिचा विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेनं त्वचेवर येतो. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो, ही भीती आपल्या गावांत अजून आहे. पण ती एकाच बाजूला थांबते हे ज्यांनी पहिल्यांदा टिपलं, त्यांची नजर पक्की होती. नागीण, गजकर्ण, चामखीळ ही आपली नावंच मुळी रूप बघून पडलेली आहेत. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी १८०८ मध्ये त्वचारोगांवर ग्रंथ काढला, तोही याच वाटेनं: सपाट डाग, पुटकुळी, फोड, पापुद्रा अशी आधी रूपाची विभागणी, रोगाचं नाव त्यानंतर.

फिकट डागापाशी ही नजर खरी कसाला लागते, कारण त्याची निदान चार नावं असू शकतात.

शिबं असेल तर पाठ, छाती, मान अशा घामाच्या जागा. नखानं हलकं खरवडलं की पिठासारखा भुगा निघतो. बुरशीच ती, एरवी आपल्या त्वचेवर गुण्यागोविंदानं राहणारी. मुलांच्या गालावरचे कोरडे, पुसट कडांचे डाग म्हणजे आजीच्या भाषेत जंत. जंतांचा त्यांच्याशी संबंध नाही. ते त्वचेच्या कोरडेपणाचे असतात आणि आपणहून मावळतात. कोड मात्र खडूसारखं पांढरंफेक, कडा रेखीव, कधी त्यावरचे केसही पांढरे. आणि चौथा कुष्ठाचा चट्टा. तो दुधासारखा पांढरा कधीच नसतो, फिकट किंवा तांबूस असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून महिनोन्महिने कुणी दाखवत नाही.

कोड हा शब्द कुष्ठ या शब्दापासूनच आला आहे. त्या एका नात्यापायी कोड असलेल्या किती मुलींची लग्नं मोडली असतील! कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी जातात, एवढंच. ते कुणापासून कुणाला लागत नाही.

बाईंनी खिडकीचा पडदा ओढला आणि हातातला दिवा लावला. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९०३ मध्ये एक काच तयार केली, ती दिसणारा प्रकाश अडवते आणि जंबुपार किरण तेवढे सोडते. त्या काचेच्या या दिव्याखाली कोड निळसर पांढरं झळाळतं, शिबं पिवळट चमकतं. मुलाच्या दंडावर काहीच चमकलं नाही. आईला हायसं वाटलं. बाईंचा चेहरा मात्र अधिक गंभीर झाला.

"याला काही लावलंत का?"

मेडिकलमधून आणलेली ट्यूब पिशवीतून निघाली. स्टेरॉइड मिसळलेलं मलम. या मलमांनी बघण्याच्या कलेवर जो घाला घातलाय, त्याचा मला मनापासून राग आहे. गजकर्णाची ओळख म्हणजे त्याचं कडं: काठ लाल, खवलेदार, मध्ये मोकळं. मलम लावलं की खाज थांबते, कडं पुसतं आणि बुरशी आत पसरत राहते. मग समोर येतो तो कुठल्याही पुस्तकात न बसणारा डाग. सरकारनं २०१८ मध्ये अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली, तरी ती मिळतातच. पुस्तकांचंही एक दुखणं आहे. चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची. तिथला लाल डाग आपल्या सावळ्या अंगावर जांभळट किंवा काळपट दिसतो, आणि ते भाषांतर आपल्या डॉक्टरांना रोज मनातल्या मनात करावं लागतं.

पडदा पुन्हा उघडला. बाईंनी कापसाची बारीक वात वळली. आधी डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर टेकवली. "इथे लागलं की बोट ठेवायचं. कळलं? आता डोळे मीट."

मनगट. बोट बरोबर तिथे. खांदा. बरोबर. उजवा दंड, डावं कोपर. बरोबर, बरोबर. मग डागाच्या मधोमध. मुलगा डोळे मिटून वाट बघत बसला. पुन्हा मधोमध. तो तसाच बसलेला, बोट हवेत.

बाईंनी कोपरामागची शीर दोन्ही हातांवर चाचपून ताडून पाहिली. जाड नव्हती. मग त्या आईच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसल्या.

"ताई, कोड नाही. कुष्ठाची सुरुवात आहे. वेळेत आलात. सहा महिने गोळ्या, इथेच फुकट मिळतील. बोटं वाकडी होणं वगैरे जे ऐकलंय, ते उपचार राहिले तर होतं."

आई बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "शाळा बंद करू का याची?"

"कशाला? आजची दुपारची गाठता येत असेल तर आजच पाठवा. आणि सोमवारी घरातल्या सगळ्यांना घेऊन या. मला प्रत्येकाची पाठ बघायची आहे."

मुलानं शर्टाची बटणं लावली. एक बटण वरखाली झालं होतं, ते आईनं सोडून पुन्हा लावलं.