बुकशेल्फ स्पीकर: ऐकीव गोष्टी आणि ऐरोलीचा हॉल

घरात गाणी नीट ऐकायला बुकशेल्फ स्पीकरची जोडी घ्यायची ठरली, की ऐरोलीकरापुढे दोन वाटा असतात. एक तर ऑनलाइन मागवायचे, नाहीतर ठाण्यामार्गे ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडची, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाची, दुकानं पालथी घालायची. दोन्ही वाटांवर मालाआधी सल्ले भेटतात. दुकानदार सांगतो, ऑफिसातला मित्र सांगतो, सोसायटीत कुणाकडे मोठी सिस्टिम असेल तर तोही सांगतो. यातले बरेच सल्ले वर्षानुवर्षं तोंडोतोंडी चालत आलेले असतात आणि त्यापायी पैसे भलत्याच ठिकाणी खर्च होतात. खोक्यावरचे आकडे वाचून स्पीकरची निवड करू नये. ती आपल्या खोलीत, आपल्या रोजच्या गाण्यांवर, पसंतीच्या दोन जोड्या सारख्या आवाजात वाजवून करावी, असं माझं ठाम मत आहे. ते का, ते एकेक समज तपासत सांगतो.

पहिला आणि सगळ्यात हट्टी समज वॉटचा. “किती वॉटचे आहेत?” हा प्रश्न विचारल्याशिवाय आपल्याकडे खरेदीच होत नाही. नव्वदच्या दशकात म्युझिक सिस्टिमवर पीएमपीओचे हजारांतले आकडे छापले जायचे. त्या आकड्यांना मोजमापाचा कुठलाच सर्वमान्य आधार नव्हता, पण जास्त वॉट म्हणजे भारी स्पीकर ही सवय तेव्हा जी लागली, ती अजून सुटलेली नाही. खरं तर स्पीकरवर लिहिलेले वॉट म्हणजे तो किती सहन करू शकतो, एवढंच. तो किती मोठ्याने वाजेल हे सेन्सिटिव्हिटीवरून कळतं, म्हणजे साधारण एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो त्यावरून.

हिशोब करून पाहा. ८६ डेसिबलचे दोन स्पीकर आहेत आणि तुम्ही अडीच मीटरवर सोफ्यावर बसला आहात. लहान खोलीत प्रत्येकी एक वॉटवर कानापाशी साधारण ८३ डेसिबल मिळतात. समोरासमोर साधं बोलणं सुमारे ६० डेसिबलचं असतं. संध्याकाळी निवांत ऐकताना आपण सरासरी ७०-७५ च्या पुढे जात नाही. म्हणजे बहुतेक वेळ एक वॉटसुद्धा लागत नाही! तबल्याची थाप किंवा ढोलकीचा कडकडाट क्षणभर सरासरीच्या १०-१५ डेसिबल वर जातो, तेवढ्यासाठी हाताशी थोडी ताकद हवी. चॅनलमागे ३० ते ५० प्रामाणिक वॉट ऐरोलीच्या कुठल्याही हॉलला भरपूर झाले. ५० वॉटचा अँप्लिफायर बदलून १०० चा आणला, तर मिळतात फक्त ३ डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात.

याच समजाचं एक भावंड: “१०० वॉटच्या स्पीकरला ४० वॉटचा अँप्लिफायर लावला तर स्पीकर जळेल.” जळत नाही. लहान अँप्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर पिळला, आवाज फाटायला लागला तरी तसाच चालू ठेवला, तर ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर काढणारा छोटा पडदा, जातो. आवाज फाटला की नॉब मागे घ्यायचा, बस्स. ओहमकडे, म्हणजे स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याकडे, मात्र जरूर बघा. माहितीपत्रकात ८ ओहम लिहिलेला स्पीकरही काही स्वरांना बराच खाली जातो. केईएफ क्यू१५० हा ८ ओहमचा म्हणून विकला जातो, पण कंपनी स्वतःच त्याचा किमान आकडा ३.७ देते. स्वस्तातला, तकलादू अँप्लिफायर अशा ठिकाणी धापा टाकतो.

आता बेसकडे येतो, कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. “वूफर, म्हणजे खालचे स्वर काढणारा पडदा, मोठा तर बेस खोल” हे अर्धंच खरं. लहान पेटी, खोल बेस आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरीवर पाणी सोडा. अमेरिकेतल्या केएलएच कंपनीच्या जोसेफ हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. १९५४ मध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढून बंद पेटीतला लहान स्पीकर आणला, तोवर खोल बेस म्हणजे कपाटाएवढी पेटी असंच समीकरण होतं. विल्चर यांनी पेटी लहान केली, पण त्याची किंमत सेन्सिटिव्हिटीत मोजावी लागली.

अलीकडच्या स्पीकरांतही हा नियम दिसतो. वर सांगितलेला केईएफ क्यू१५० आणि वॉर्फडेलचा डायमंड १२.१, दोघांचाही वूफर १३० मिलिमीटरचा, दोघांच्या पेट्याही साधारण एकाच मापाच्या. केईएफ सांगते ८६ डेसिबल आणि ५१ हर्ट्झपर्यंत बेस. वॉर्फडेल सांगते ८८ डेसिबल आणि ६५ हर्ट्झ. हर्ट्झचे दोन्ही आकडे अधिक-उणे ३ डेसिबलच्या मर्यादेतले, म्हणून शेजारी ठेवता येतात. एकाने खोल बेस घेतला, दुसऱ्याने जोर घेतला. यात चांगला-वाईट कुणी नाही. माहितीपत्रकात हर्ट्झचा आकडा दिसला, की तो अधिक-उणे ३ चा आहे, उणे ६ चा आहे की नुसताच लिहिलेला आहे, हे आधी बघा. नुसता लिहिलेला आकडा तुलनेच्या कामाचा नाही.

मग आपल्या संगीताला किती खोल बेस लागतो? पुरुष गायकाचा सूर काळी एकचा धरला, तर मधला सा १३९ हर्ट्झच्या आसपास आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर. म्हणजे बरा बुकशेल्फ स्पीकर खर्जाच्या तारेपर्यंत पोचतोच. शिवाय तानपुऱ्याचं सगळं वैभव जवारीतून उठणाऱ्या वरच्या स्वरांत असतं, आणि ते स्वर शाबूत असले तर मूळ सूर थोडा क्षीण असला तरी कान तो भरून काढतो. नाट्यगीत, भावगीत, अभंग, खयाल ऐकणाऱ्याने ४० हर्ट्झच्या मागे धावून मधल्या पट्टीचा गोडवा घालवू नये. याचा सगळ्यात चांगला दाखला बीबीसीचा एलएस३/५ए. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत बसवायला सत्तरच्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी तो बनवला. पेटी जेमतेम पाच लिटरची, सेन्सिटिव्हिटी ८३ डेसिबलच्या आसपास, खोल बेस जवळजवळ नाहीच. पण माणसाचा आवाज त्यातून इतका खरा येतो, की आजही लोक तो शोधत फिरतात.

यानंतरची बाब स्पीकर बनवणाऱ्याच्या हातातच नसते. ती आपल्या खोलीची. “बेस घुमतोय, म्हणजे स्पीकर खराब.” ऐरोलीतल्या कितीतरी घरांत ही तक्रार आहे आणि तिचं मूळ भिंतींत आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी लहर नेमकी बसते, तो स्वर खोली स्वतःहून फुगवते. दहा फुटांच्या अंतराला हा स्वर येतो साधारण ५७ हर्ट्झ, पंधरा फुटांना ३८. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये निदान हे दोन फुगवटे वेगवेगळे पडतात. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये लांबी आणि रुंदी दोघी एकाच ५७ वर जोर लावतात, नऊ फुटांचं छतही ६३ च्या आसपास त्यात भर घालतं. अशा खोलीत लाखाचे स्पीकर आणले तरी डग्गा घुमणारच. नेमके भिंतीला टेकून बसलात तर आणखी घुमणार. आधी सोफा भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घेऊन बघा. फुकटात होणारी ही सुधारणा मी सगळ्यात वर ठेवतो.

भिंतीवर अंड्यांचे ट्रे किंवा इंचभर स्पंज चिकटवून हा बेस जात नाही. ५७ हर्ट्झची लहर सहा मीटर लांब असते, तिला इंचभर स्पंज दिसतसुद्धा नाही. चकचकीत टाइल्स, सरकत्या काचा आणि मोकळ्या भिंती यांमुळे वरचे स्वर खणखणतात, त्यावर मात्र घरातलेच उपाय चालतात: जाड पडदा, स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये सतरंजी किंवा गालिचा, पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट. खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग फडफड ऐकू आली, तर नवे स्पीकर बघण्याआधी पडद्याचं कापड बघा.

नाव बुकशेल्फ असल्यामुळे लोक ते शेल्फमध्ये कोंबतात, किंवा टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात. ट्वीटर मग गुडघ्याशी बोलतो. तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर हवा. स्टँड महाग वाटत असेल तर सुताराकडून जड लाकडी ठोकळे करून घ्या. दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा.

“मागे भोक असलेला स्पीकर भिंतीजवळ ठेवायचाच नाही, पुढे भोक असलेलाच घ्या,” हा सल्ला तर दुकानातही मिळतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जसा एक स्वर निघतो, तसा त्या भोकातून, म्हणजे पोर्टमधून, बेस निघतो. त्याला श्वास घ्यायला दोन-चार इंच जागा पुरते. भिंतीजवळ बेस वाढतो, कारण एवढ्या खालच्या स्वरांचा आवाज स्पीकरभोवती सगळीकडे पसरतो आणि भिंत तो परत फेकते. पोर्ट पुढे असो, मागे असो, भिंत तेवढीच भर घालणार. फार झालं तर पोर्टमध्ये स्पंजचं बूच घाला. परदेशी मासिकांतला “भिंतीपासून मीटरभर पुढे ओढा” हा सल्ला आपल्या दहा फुटांत बसत नाही, आणि तोही निर्दोष नाही: स्पीकरचं तोंड भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर १४३ हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो, मीटरवर असेल तर ८६ च्या आसपास. जागा थोडी मागेपुढे करून कानाने ठरवावं.

वायरीबद्दल थोडक्यात. भिंतीतल्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटला इलेक्ट्रिशियन टाकतो ती अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाच मीटर जाऊन परत आली, तरी तिचा विरोध ०.०७ ओहमच्या आसपास असतो. आवाजात पडणारा फरक एक दशांश डेसिबलच्या घरातला. हजारो रुपयांची वायर घेऊ नका. “४० किलोहर्ट्झपर्यंत वाजतो” यालाही भुलू नका, तरुण कानाची हद्द २० पर्यंत असते आणि वयाबरोबर ती खाली येते.

खाडीकाठी राहणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट जपावी. वूफरच्या पडद्याभोवती जी लवचीक कड असते, ती स्पंजची असेल तर आपल्या दमट हवेत काही वर्षांत कुजून भुगा होते. रबराची कड खूप जास्त टिकते. जुने स्पीकर घेताना जाळी काढायला लावा आणि कडेवर बोट अलगद टेकवा. बोटाला चिकटली किंवा पावडर लागली, तर कड बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा. पेटीच्या मागच्या कडाही चाचपून बघा, पावसाळ्यात लाकडाच्या भुशाचा बोर्ड पाणी धरून फुगतो.

शेवटी ऐकून निवडण्याबद्दल. “माझ्या कानांना लगेच कळतं” असं सगळेच म्हणतात. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हार्मन कंपनीतल्या चाळीस जणांवर प्रयोग केला. तेच स्पीकर एकदा समोर दिसत असताना ऐकवले, एकदा पडद्याआड. गुण बदलले. दिसत असताना मोठ्या, देखण्या, महाग पेट्यांना जास्त गुण मिळाले. पडद्याआड ऐकताना स्पीकरची खोलीतली जागा बदलल्याचा फरक त्याच माणसांना ठळक जाणवला, पण डोळ्यांसमोर स्पीकर असताना त्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. टूल यांच्या अनेक वर्षांच्या कामातून दिसलं, की आंधळ्या चाचणीत बहुतेकांना सपाट, कुठलाच स्वर न फुगवणारा स्पीकर आवडतो. दुकानात मात्र चरचरीत ट्रेबल आणि फुगवलेला बेस पहिल्या मिनिटात भाव खाऊन जातो, आणि तोच घरी अर्ध्या तासात डोकं उठवतो.

म्हणून दुकानात जाताना हॉलची मापं लिहून न्या आणि स्वतःची गाणी न्या: एक तानपुऱ्यावरचा सावकाश आलाप, एक संवादिनी असलेलं नाट्यगीत, एक ढोलकीची लावणी, आणि एखादा आवाज जो तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. जुन्या, मर्यादित ध्वनिमुद्रणावर ट्रेबल जोखू नका. दोन जोड्यांचा आवाज मोबाइलवरच्या डेसिबल मीटरने सारखा करायला सांगा, कारण जो एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा वाजतो तोच नेहमी बरा वाटतो. सोबत आलेल्याला स्पीकर बदलायला लावा आणि तुम्ही पाठ फिरवून ऐका. घरी आठवडाभर वाजवून परत करायची मुभा देणारा दुकानदार मिळाला, तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी त्याच्याकडूनच घ्या.