रिझर्व्हला लागलेलं विमान

आमच्या बाबांच्या जुन्या बजाज स्कूटरला एक कॉक होता. न्यू मार्केटच्या चढावर गाडी आचके द्यायला लागली की बाबा म्हणायचे, "रिझर्व्हला लागली." मग खाली हात घालून कॉक फिरवायचा आणि पंप गाठायचा. फारच झालं तर गाडी तिरकी करायची.

माझी मावसबहीण सध्या विमान चालवायला शिकते. हा किस्सा ऐकून ती हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडेही असाच कॉक असतो. फक्त तिथे रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही."

इंधनामुळे छोट्या विमानाचं इंजिन बंद पडतं ते मुख्यतः दोन प्रकारांनी. एक, इंधन खरोखरच संपतं. दोन, टाकीत इंधन असतं, पण इंजिनपर्यंत पोचत नाही: कॉक चुकीच्या टाकीवर असतो किंवा पेट्रोलमध्ये पाणी शिरलेलं असतं.

पहिली चूक बहुतेक वेळा जमिनीवरच होते. सेसना 152 या शिकाऊ विमानात वापरता येईल असं इंधन सुमारे 93 लिटर असतं. त्याखेरीज तळाशी पाच-सहा लिटर उरतं, ते हिशोबात धरायचंच नाही. तासाला साधारण 23 लिटर, म्हणजे चार तास. पण हे कागदावर. समोरून वारा आला की तेवढ्याच अंतराला वेळ जास्त लागतो. आणि टाकीचा काटा? त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. पंखावरचं झाकण उघडून, मोजपट्टी आत बुडवून स्वतः बघायचं. मग खालून थोडं इंधन नळीत काढून पाणी आहे का, तेही बघायचं. पाणी जड, ते तळाशी दिसतं.

हिशोब हवेतही बिघडतो, आणि मोठ्या विमानांचाही. 15 नोव्हेंबर 1993 ला मद्रासहून हैदराबादला गेलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या एअरबसला धूसर हवेमुळे उतरता आलं नाही. त्यातच पंखांचे फ्लॅप उघडे अडकले. तसंच परत फिरल्यावर हवेचा अडथळा वाढला, इंधन भराभर जळलं आणि विमान तिरुपतीजवळ भातशेतात उतरवावं लागलं. सगळे वाचले.

दुसऱ्या प्रकारचं उदाहरण आपल्या गिटारवाल्या मित्रांना चटका लावेल. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियात स्वतःच्या छोट्या विमानातून समुद्रात कोसळून गेला. त्या विमानातला टाकी बदलायचा कॉक वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो नीट फिरत नाही हे त्याला माहीत होतं. मेकॅनिकबरोबर त्यावर बोलणंही झालं होतं. इंधन भरू का, असं विचारल्यावर तो नको म्हणाला, कारण तासभरच उडायचं होतं. तपासकर्त्यांच्या मते, कॉकसाठी मागे वळताना विमानावरचा त्याचा ताबा सुटला.

म्हणून इंजिन थांबलं तर पहिलं काम कॉक शोधणं नव्हे, विमान सांभाळणं. नाक थोडं खाली करून घसरणीचा ठरलेला वेग धरायचा. सेसना 152 साठी तो 60 नॉट्स. 3000 फुटांवरून वारा नसताना साधारण आठ किलोमीटर जाता येतं. म्हणजे न्यू मार्केटवरून निघून, मोठा तलाव ओलांडून, जेमतेम बैरागढ. मग उतरण्याजोगं शेत हेरायचं. त्यानंतर कॉक, मिश्रण आणि इग्निशन तपासायचं. वेळ उरला तर रेडिओवर तीनदा 'मेडे'.

मी बहिणीला विचारलं, "रोज तेच तेच बघायचा कंटाळा येत नाही?"

"येतो ना," ती म्हणाली. "एकदा मेकॅनिक म्हणाला, टाकी फुल्ल आहे. मी शिडीवरून उतरले. सरांनी एवढंच विचारलं, तू पाहिलंस का? मी परत शिडी चढले."

टाकी फुल्लच होती.