गेमिंग कॉम्प्युटरला एसएसडी बसवावी का? पैसे मोजण्याआधी हे वाचा

सोयाबीनचे पैसे हातात आले की पोरगं मागं लागतं, "पप्पा, कॉम्प्युटरला एसएसडी बसवा, गेम अडकतोय." पण एसएसडीनं गेम खरंच पळतो का, हे आधी समजून घेतलेलं बरं.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्यात तबकडी गरगर फिरते, साधारण मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. माहिती शोधायला वेळ लागतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, मोबाईलसारखी चिपवरची मेमरी असते. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी माहिती वाचते, साधी साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. एनव्हीएमई प्रकारची तर त्याच्या कितीतरी पट.

फायदा कुठं होतो?
कॉम्प्युटर पटकन सुरू होतो, गेम लवकर उघडतो, नवा नकाशा लोड व्हायला ताटकळावं लागत नाही. मोठ्या नकाशाच्या गेममध्ये मधेच बसणारे झटके कमी होतात. आता काही नवे गेम हार्ड डिस्कवर नीट चालतच नाहीत. २०२३ मध्ये आलेल्या 'स्टारफिल्ड'नं तर किमान गरजेतच एसएसडी सांगितली आहे.

फायदा कुठं होत नाही?
चित्र संथ चालत असेल, म्हणजे एफपीएस कमी असेल, तर ते काम ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरचं. एसएसडीनं त्यात फारसा फरक पडत नाही. ऑनलाइन गेममध्ये रेंज नसल्यामुळं अडकत असेल, तर एसएसडी काय करणार? तिथं नेटचाच इलाज करावा लागतो.

मग आधी काय घ्यावं?
गेम सुरू असताना टास्क मॅनेजर उघडून बघा. मेमरी भरलेली दिसली आणि रॅम ४ जीबीच असेल, तर आधी रॅम वाढवा. रॅम मोकळी असून डिस्क सारखी १०० टक्के दिसत असेल, तर एसएसडीचा खर्च वसूल होतो. जुन्या मशीनला २.५ इंची साटा एसएसडी बहुतेक बसते. एनव्हीएमईसाठी मदरबोर्डवर तशी जागा आहे का, ते दुकानदाराकडून तपासून घ्या. गेम उघडण्यात या दोन्हींत बहुतेक वेळा थोड्याच सेकंदांचा फरक असतो, म्हणून जास्त पैसे घालायची घाई नको.

एवढं ध्यानात ठेवा
स्वस्तातली बिननावाची एसएसडी टाळा. पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. एसएसडी बिघडताना आवाज करत नाही, एकदम बंद पडू शकते आणि मग आतली माहिती परत मिळणं अवघड. म्हणून लग्नाचे फोटो, सातबारा, पोराची कागदपत्रं यांची दुसरी प्रत ठेवाच. जुनी हार्ड डिस्क चांगली असेल तर तीच त्यासाठी वापरा. लाईट सारखी जात असेल तर यूपीएसही लागेलच, कारण अचानक बंद पडणं दोन्हींना घातक.

थोडक्यात, एसएसडीनं वाट बघणं कमी होतं, गेमचं चित्र सुधारत नाही. दुखणं ओळखा, मगच पैसे घाला.