किल्ल्या कोणाकडे?

वरसे येथील एका वाचकांनी पाठविलेला प्रश्न दिसावयास साधा आहे. रोह्याला लागून वाढलेल्या या गावात, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस असणाऱ्यांची एक गृहनिर्माण संस्था आहे. तिचा जमाखर्च पूर्वी चिटणिसांच्या कपाटात असे, तो आता गुगल ड्राइव्हवर असतो, आणि सभासदांच्या सोयीसाठी त्याची लिंक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकण्यात आलेली आहे. घर विकून परगावी गेलेल्या एका जुन्या सभासदाला ही वही आजही उघडता येते, इतकेच नव्हे तर तीत आकडेही बदलता येतात, असे ध्यानात आल्यावर त्यांनी विचारले आहे, की क्लाउडचे कुलूप एवढे कच्चे असते काय?

कुलूप कच्चे नसते. क्लाउड म्हणजे कोठल्यातरी इमारतीत अहोरात्र चालणारे आणि थंड ठेवावे लागणारे संगणक होत; अशी एक भव्य इमारत, योट्टा कंपनीचे डेटा सेंटर, २०२० सालापासून आपल्या रायगड जिल्ह्यातच पनवेलजवळ उभी आहे. अशा स्थळी पहारा कडक असतो, माहिती सांकेतिक लिपीत गुंडाळलेली असते, आणि कंपन्यांच्या जाहिरातींत या दोहोंचेच पोवाडे गायिले जातात. परंतु ‘ज्याच्याजवळ लिंक आहे तो कोणीही’ असा पर्याय मालकानेच एकदा निवडला, की पहारेकरी आलेल्या प्रत्येकाला मुजरा करून आत सोडतो. तसे करणे हेच त्याचे कर्तव्य ठरते. तेव्हा प्रश्न कुलपाचा नसून कारभाराचा आहे.

हा कारभार संगणकाला सुचला कसा, याची कथा मोठी रंजक आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा अशी व्यवस्था उभारली, आणि एका यंत्रात अनेकांची दप्तरे येऊन पडल्याबरोबर कोणाचे दप्तर कोणी पाहावे हा प्रश्न जन्मास आला. प्रत्येकाला सांकेतिक शब्द देऊन तो सुटला असे वाटले. पण पुढे एके दिवशी असे झाले, की एक व्यवस्थापक सर्वांच्या सांकेतिक शब्दांची यादी दुरुस्त करीत होता आणि त्याच वेळी दुसरा एक जण, यंत्रासमोर येणाऱ्या प्रत्येकाला प्रथम दिसणारी दैनिक सूचना लिहीत होता. दोघांच्या कच्च्या प्रतींना यंत्राने एकच नाव दिल्यामुळे त्यांची अदलाबदल झाली, आणि जो जो आला त्याच्या पुढ्यात सूचनेच्या जागी सगळ्यांचे सांकेतिक शब्द ओळीने उभे राहिले! कोर्बाटो यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात हा प्रसंग स्वतःच सांगितला. या घटनेत कोणी चोर नव्हता, कोणी कुलूप फोडले नव्हते. एका जागी एका वेळी एकच मनुष्य काम करील, हे जे गृहीत धरले होते तेवढेच खोटे ठरले.

मल्टिक्स नावाच्या पुढच्या व्यवस्थेची आखणी करताना रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी १९६५ च्या आपल्या निबंधात प्रत्येक फाइलीशी एक यादी जोडण्याची कल्पना मांडली: अमुकाने वाचावे, तमुकाने लिहावे, इतरांनी बाहेर राहावे. आज आपण एखाद्याचा ई-मेल पत्ता लिहून त्यापुढे ‘फक्त पाहणे’, ‘शेरा देणे’ किंवा ‘बदल करणे’ यांपैकी एक अधिकार निवडतो, तेव्हा याच यादीत एक ओळ भरीत असतो. युनिक्स या प्रसिद्ध संगणक-व्यवस्थेच्या निर्मात्यांची नावे संगणकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात, परंतु ज्यांची यादी आज कोट्यवधी लोक नकळत भरतात त्या डेली आणि न्यूमन यांचे नाव क्वचितच कोणी घेतो, याची मला नेहमी हळहळ वाटते.

अर्थात, अधिकारांची वाटणी हा विषय आमच्या मुलखाला नवा नाही. रोह्याजवळच्या अवचितगडाकडे पाहिले, की मला शिवकालीन गडांच्या त्या विलक्षण कारभाराची आठवण होते, ज्याचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून लिहिलेल्या बखरीत आढळते. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे अंमलदार बरोबरीच्या नात्याने नेमलेले असत. दरवाजे आणि किल्ल्या हवालदाराच्या स्वाधीन, शिबंदी सरनोबताच्या हाताखाली, लिखापढी सबनिसाकडे, आणि धान्याच्या व सामानाच्या कोठारांचा हिशेब कारखानिसाकडे. हे लोकही मुद्दाम वेगवेगळ्या जातींतून घेतले जात, हेतू हा, की एकाने फितूर व्हावयाचे ठरविले तरी बाकीच्यांवाचून त्याच्या हातून गड शत्रूच्या पदरात पडू नये. भरवसा माणसांवर होताच. पण कोणाही एकावर सगळा भरवसा टाकण्याची पाळी राज्यावर येऊ नये, अशी ही तजवीज होती.

जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या रक्षणाची जी तत्त्वे लिहून काढली, त्यांत हे तत्त्व जसेच्या तसे सापडते: महत्त्वाचे काम दोन स्वतंत्र किल्ल्यांशिवाय होऊ नये. त्याच्या जोडीला आणखी दोन आहेत; ज्याला जेवढ्याची गरज तेवढाच अखत्यार द्यावा, आणि स्पष्ट परवानगी नसेल तेथे उत्तर नकाराचेच असावे. महाराष्ट्रात या तत्त्वांचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे सातबारा. भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावर तो कोणालाही पाहता येतो, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही घरबसल्या मिळू लागला. पण त्यातले एक अक्षर बदलावयाचे झाले तर तलाठ्याने फेरफाराची नोंद धरावी, संबंधितांना नोटीस जावी, हरकतीची मुदत संपावी, आणि मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी, असा क्रम आहे. वाचणारे अगणित, सुचविणारा एक, मंजूर करणारा दुसरा. संगणक आल्यावरही हा क्रम बदलला नाही, तो ई-फेरफार प्रणालीत तसाच उतरविण्यात आला.

लिंक ही चीज मात्र यादीहून निराळ्या कुळातली आहे. यादी माणसाला ओळखते. लिंक केवळ स्वतःला ओळखते, आणि ती ज्याच्या हाती पडेल तो अधिकारी ठरतो. गडाच्या दरवाजावर दाखवावयाच्या दस्तकावर निदान ते कोणाला दिले याची नोंद असे. लिंकवर तेवढेही नसते. तिची सारी सुरक्षितता ती तर्काने कोणास ओळखता येणार नाही एवढ्यावर अवलंबून. २०१६ साली मार्टिन जॉर्जिएव्ह आणि कॉर्नेल टेक या संस्थेतील व्हिताली श्मातिकोव्ह यांनी या समजुतीची परीक्षा घेतली. त्या काळी लांबलचक लिंकला आखूड करण्याची टूम होती, आणि आखूड रूपात पाच-सहाच अक्षरे उरत. लहान-मोठी रोमन अक्षरे व अंक मिळून ६२ चिन्हे धरली, तर सहा जागांवर सुमारे ५,६८० कोटी जुळण्या होतात. माणसाला हा आकडा अफाट, पण यंत्राला चाळता येण्याजोगा. त्यांनी नमुन्यादाखल चाळून पाहिले तेव्हा लोकांची खाजगी दप्तरे उघडी पडलेली दिसली, आणि मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर सापडलेल्या फोल्डरांपैकी सुमारे सात टक्क्यांत वाटेल त्याला लिहिण्याचीही मुभा होती. कंपन्यांनी मग आपल्या पद्धती बदलल्या. आजच्या मूळ लिंका इतक्या लांब असतात की त्या तर्काने सापडणे व्यवहारतः अशक्य. पण ग्रुपवरून ग्रुपवर ढकलल्या जाणाऱ्या लिंकेला तर्काची गरजच काय?

दिलेला अधिकार परत घेणे हे याहूनही बिकट. एखाद्याचे नाव खोडले की काम झाले असे आपणास वाटते; परंतु गुगलच्या अभियंत्यांनी २०१९ साली ‘झांझिबार’ या आपल्या परवानगी-व्यवस्थेवर लिहिलेला निबंध वाचला, म्हणजे या खोडण्यामागचा खटाटोप कळतो. तेथे परवानग्यांच्या नोंदी दोन लाख कोटींहून अधिक असून त्यांच्या प्रती जगाच्या निरनिराळ्या भागांत ठेवलेल्या आहेत. समजा, तुम्ही जुन्या खजिनदाराचे नाव फोल्डरवरून काढलेत आणि लगेच त्यात नवे कागद ठेवलेत. दूरच्या एखाद्या प्रतीला कागद आल्याचे आधी आणि नाव गेल्याचे मागाहून कळले, तर ज्याच्यापासून लपवावयाचे त्यालाच ते दिसतील. हा क्रम उलटू नये म्हणून ज्या व्यवस्थेवर झांझिबार उभी आहे, तिला आण्विक घड्याळे आणि जीपीएसचे उपग्रह यांच्या आधारे वेळ मोजावी लागते. एका सभासदाला बडतर्फ करण्यासाठी अंतराळातून साक्ष काढावी लागावी, हे मला तरी काव्याहून कमी वाटत नाही. मात्र त्याने आधीच उतरवून घेतलेली प्रत कोणतेही घड्याळ परत आणू शकत नाही.

आता व्यवहाराचे. संस्थेने लिंकचा सार्वत्रिक अधिकार बंद करून सभासदांची नावे यादीत घालावीत. बहुतेकांना केवळ पाहण्याचा, खजिनदार आणि चिटणीस यांनाच बदलाचा अधिकार ठेवावा. संपादकांनी इतरांना परस्पर प्रवेश देऊ नये, अशीही सोय असते, ती वापरावी. फोल्डरवर दिलेली परवानगी आतील प्रत्येक फाइलीस लागू होते, हे विसरू नये. जुन्या आवृत्त्या पाहण्याची सोय आहे, तीवरून आकडे कोणी केव्हा बदलले ते तपासावे. आणि ही वही कोणा एका पदाधिकाऱ्याच्या खाजगी खात्यावर असू नये, कारण दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसून टाकण्याचा अधिकार गुगलने २०२३ पासून आपणाकडे घेतला आहे. दरवर्षी हिशेबतपासणी होते, तिच्यासोबत परवानग्यांच्या यादीचीही तपासणी व्हावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे मदतनीस सध्या कचेऱ्यांत वाजतगाजत येत आहेत, त्यांच्यामुळे ही तपासणी अधिकच निकडीची झाली आहे. ते चोरी करीत नाहीत. विचारणाऱ्याला जे जे पाहण्याची परवानगी आहे तेवढेच शोधून त्याच्यापुढे मांडतात. परंतु आजवर एखादी चुकीची परवानगी कोणाच्या लक्षातच न आल्यामुळे निरुपद्रवी राहत असे, कारण हजारो फाइली उघडून पाहण्याइतका वेळ कोणाकडे नव्हता. तो आळस हाच आपला खरा पहारेकरी होता, आणि न कंटाळणाऱ्या या मदतनिसांपुढे त्याचा काही उपयोग उरलेला नाही.