प्रयोगाचा आवाज राखायचा तर

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झालं. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले. शंभर वर्षं मराठी रसिक या प्रयोगाबद्दल बोलतो आहे, पण त्याचा एक स्वरही आपल्यापाशी नाही. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. त्याच्याही आधी, १९०१ मध्ये, भाऊराव कोल्हटकर गेले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाला आले ते १९०२ मध्ये. ज्या गळ्याने किर्लोस्कर मंडळीची सुभद्रा गाजवली, तो दीड-दोन वर्षांच्या फरकाने हुकला.

तेव्हा खरोखर इलाज नव्हता. गायकाने भोंग्याजवळ तोंड नेऊन गायचं आणि तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांत पद बसवायचं, अशी ती पद्धत होती. मायक्रोफोन वापरून विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९२५ मध्ये. आज दहा-बारा हजार रुपयांच्या आसपास हातात मावणारा रेकॉर्डर मिळतो आणि तो तीन अंकी नाटक एका कार्डावर सहज टिपतो. तरीही गावोगावच्या हौशी संस्थांची, स्पर्धांतल्या एकांकिकांची, प्रायोगिक नाटकांची ध्वनिमुद्रणं हाती लागत नाहीत आणि लागली तर ऐकवत नाहीत. कारण म्हणून नेहमी पैसा पुढे केला जातो. मला ते पटत नाही. नाटकाचं ध्वनिमुद्रण बहुतेक वेळा माइक चुकीच्या जागी ठेवल्यामुळे फसतं, आणि योग्य जागेला पैसे पडत नाहीत.

पदं राहिली, प्रयोग गेले

आपल्याकडे नाटकातलं जे राखलं गेलं, ते बहुतांशी पदांच्या रूपाने. बालगंधर्वांच्या तबकड्यांमुळे नाट्यसंगीत घराघरांत गेलं, पण ती रंगमंचावरची गाणी नव्हेत. वन्समोअरवर वन्समोअर घेत रंगलेलं पद तबकडीसाठी आवरतं घ्यावं लागे. पुढे आकाशवाणीने नभोनाट्य हा स्वतंत्र प्रकारच रुजवला, तोही स्टुडिओतला. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि नाटक घरात दिसू लागलं. कॅसेटच्या काळात पु. ल. देशपांड्यांच्या कार्यक्रमांनी दाखवून दिलं की समोरच्या माणसांचा हशा हा मजकुराचाच भाग असतो. तो काढून टाकला तर बोलणाऱ्याने घेतलेला विराम अनाथ होतो.

ही गोष्ट लोकनाट्यात तर फारच मोलाची आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेलं असतं आणि नट रंगमंचावर उभ्या उभ्या भाषण रचतो. जत्रेतल्या त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण झालं नाही, तर त्या प्रयोगाची संहिताही उरत नाही. विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. त्यांची भाषा, त्यातल्या गाण्यांच्या चाली आणि प्रेक्षकांशी जाता जाता झालेला संवाद छापील पुस्तकात कधीच उतरत नाही. ग्रंथालयात नाटकाचं पुस्तक असलं म्हणजे नाटक जपलं, हा समज निदान या प्रकारांपुरता तरी सोडून द्यायला हवा.

अंतराचं गणित

सर्वसाधारण दृश्य असं असतं: शेवटच्या रांगेमागे तिकाटण्यावर मोबाइल लावलेला, वर पंखा फिरतोय, शेजारी दोघं कुजबुजताहेत. आवाज मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलने उतरतो. नटापासून दीड मीटरवर जो आवाज आहे, तो बारा मीटरवर अठरा डेसिबल खाली येतो. बंदिस्त नाट्यगृहात भिंतींवरून परतलेला आवाज त्यात मिसळतो, म्हणून ऐकू तर येतं, पण शब्दाची कड बोथट होते. आपला कान दोन बाजूंनी ऐकतो, डोळे नटाच्या ओठांकडे असतात आणि नको ते मन वगळून टाकतं. माइकला यातलं काहीच जमत नाही. शेवटच्या रांगेत पन्नास हजारांचा माइक ठेवला तर तो पंखा अधिक स्वच्छ टिपेल, एवढंच.

मोबाइलची आणखी एक खोड आहे. तो आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो. टाळ्यांचा कडकडाट झाला की पातळी खाली जाते, पुढचं हळू वाक्य त्यात बुडतं आणि मग शांततेत पंख्याची घरघर फुगत वर येते. लेखकाने आणि दिग्दर्शकाने बांधलेले चढउतार असे सपाट होतात. म्हणून साधा का होईना, पातळी हाताने ठरवता येणारा रेकॉर्डर हवा.

माइक कुठे ठेवायचा

सर्वांत स्वस्त आणि खात्रीची जागा म्हणजे रंगमंचाची पुढची कड, थेट जमिनीवर. छोट्या स्टँडवर माइक उंच केला, तर नटाचा थेट आवाज आणि फरशीवरून उसळलेला आवाज किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि एकमेकांना खातात. आवाज पोकळ होतो. माइक जमिनीलगत असला की दोन्ही एकत्र येतात आणि आवाजाला उलट बळ मिळतं. यासाठी खास बाउंड्री माइक मिळतात. ते परवडत नसतील तर कॉलरला लावायचा छोटा माइक एका कडक सपाट पाटीवर चिकटवून तेच काम होतं. पाटीखाली फोमचा तुकडा हवा, नाहीतर लाकडी रंगमंचावरचं प्रत्येक पाऊल ढोलासारखं वाजतं.

असे दोन किंवा तीन माइक पुरतात. अधिक लावण्याचा मोह आवरावा, कारण उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की सभागृहाचा गोंगाट तीन डेसिबलने वाढतो. संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोर किंवा कडेला असतात. तिथे मधल्या माइकला गायकाआधी ऑर्गन ऐकू येतो. अशा वेळी एकाच दिशेने ऐकणारा माइक घ्यावा आणि त्याची पाठ वादकांकडे करावी.

दुसरी जोडी प्रेक्षागृहासाठी. तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या मधोमध, माणसांच्या डोक्यांच्या वर, दोन माइक एकमेकांपासून सतरा सेंटिमीटरवर आणि एकशे दहा अंशांच्या कोनात. या रचनेत डावं-उजवं स्पष्ट कळतं. 'घाशीराम कोतवाल' डोळ्यांसमोर आणा. १९७२ मधल्या त्या नाटकात माणसांची भिंत हलते, फुटते, पुन्हा जुळते आणि भास्कर चंदावरकरांचं संगीत तिच्याबरोबर सरकतं. एकाच माइकवर हे टिपलं तर ती भिंत आवाजात उभीच राहणार नाही.

नाट्यगृहाच्या मिक्सरमधून तार घेतली की झालं, असं अनेकांना वाटतं. मिक्सरमध्ये येतं ते फक्त स्पीकरवर वाढवून सोडलेलं. छोट्या थिएटरात तबला वाढवण्याची गरज नसते, म्हणून तो तिथे नसतोच. हशाही नसतो. ही तार जोड म्हणून घ्यावी आणि रेकॉर्डरच्या लाइन इनपुटलाच लावावी. माइकच्या इनपुटला लावली तर आवाज आत शिरतानाच फाटतो आणि नंतर बटण कमी करून तो सांधता येत नाही.

वीज, पातळी, घंटा

प्रकाशयोजनेचे डिमर माइकच्या तारांत गुणगुण सोडतात. दिव्यांच्या केबलपासून माइकची केबल दूर न्यावी आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात. रेकॉर्डर बॅटरीवर किंवा पॉवर बँकवर चालवला की अर्थिंगमधून येणारी घरघर मुळातच टळते. इथे स्वस्त मार्गच अधिक चांगला आहे.

पातळी ठरवायला रंगीत तालीम हवी. सर्वांत मोठा आक्रोश उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील अशी ती बसवावी, कारण प्रयोगात नट तालमीपेक्षा चढा लागतो. चोवीस बिटवर मुद्रण केलं तर हळू वाक्य नंतर उचलता येतं. फाटलेलं वाक्य मात्र गेलंच. अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झवर दोन चॅनेलना तासाला साधारण एक जीबी जागा लागते, त्यामुळे एमपी३ करून जागा वाचवण्याचं कारण उरत नाही. प्रेक्षक येण्याआधी रिकाम्या सभागृहाचा अर्धा मिनिट आवाज घ्यावा. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीला पंख्याची घरघर कमी करताना हाच नमुना द्यावा लागतो. ती सफाईही बेतानेच करावी, कारण घरघर पूर्ण पुसायला गेलं की 'स' आणि 'श' घासले जातात.

दोन वेगळे रेकॉर्डर वापरले तर त्यांची घड्याळं किंचित वेगळी चालतात आणि तीन तासांत सेकंदाच्या पाचव्या भागाएवढाही फरक पडू शकतो. तिसरी घंटा दोन्हींवर ऐकू येते, तिच्यावर आरंभ जुळवावा. प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला आणि शेवटी एक टाळी द्यावी, म्हणजे मधे पडलेला फरकही कळतो. मागची जोडी दहा मीटरवर असेल तर तिचा आवाज जवळपास तीस मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढं तिचं मुद्रण आधी सरकवलं की शब्द एकदम उजळतो.

परवानगी आणि जपणूक

लेखकाचा आणि संगीतकाराचा हक्क सर्वांना ठाऊक असतो. प्रत्यक्ष सादर करणाऱ्या कलावंताचा हक्कही १९९४ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात आला आहे. म्हणून तालमीतच सगळ्यांची लेखी संमती घ्यावी आणि मुद्रण संग्रहासाठी आहे की प्रसारणासाठी, हे स्पष्ट लिहावं. दशावतारी कंपनीच्या नटालाही हाच मान द्यायला हवा. त्याची तर भाषणंही त्याचीच असतात.

फाइलच्या नावात नाटक, तारीख आणि गाव हवं. सोबत एका पानावर कलावंत, वादक, माइकच्या जागा. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. हे पान नसेल तर वीस वर्षांनी कुणालाच आवाज ओळखता येणार नाहीत.

एकेका संस्थेने हे करावंच, पण खरी सोय नाट्यगृहांत आणि स्पर्धांत व्हायला हवी. एकांकिका स्पर्धांत दोन प्रयोगांमधला वेळ मिनिटांत मोजलेला असतो, तेवढ्यात कुठलाच संघ माइक लावू शकत नाही. आयोजकांनी रंगमंचाच्या पुढच्या कडेला दोन माइक आणि प्रेक्षागृहात एक जोडी स्पर्धाभर तशीच ठेवली, तर एका खर्चात सगळ्या संघांचे प्रयोग मुद्रित होतात. नगरपालिकांच्या नाट्यगृहांत दुरुस्तीच्या यादीत खुर्च्या, पडदे आणि रंगकाम असतंच. त्या यादीत चार माइक आणि एक रेकॉर्डर घालणं मुळीच अवघड नाही. येत्या हंगामात नाट्यसंस्थांनी, स्पर्धा समित्यांनी आणि नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांनी एकत्र बसून एवढी एक मागणी लेखी करावी. भाऊरावांच्या पिढीकडे साधन नव्हतं. आपल्याकडे ते आहे, आणि आजचे प्रयोग गमावले तर ती जबाबदारी पूर्णपणे आपलीच असेल.