छोट्या ट्रॅक्टरचे गवत कापणी यंत्र : मागे की पोटाखाली?

फळबागेत दोन ओळींमधील जमीन वारंवार नांगरून उघडी ठेवण्याऐवजी तेथे गवत राखण्याची पद्धत अनेक बागायतदार स्वीकारत आहेत. गवतामुळे मातीची धूप कमी होते, पावसाचे पाणी मुरते आणि कापलेले गवत जागीच कुजून सेंद्रिय पदार्थांची भर पडते. मात्र ते वेळेवर कापावे लागते. त्यासाठीचे यंत्र छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडावे, की पुढच्या व मागच्या चाकांमध्ये, म्हणजे पोटाखाली बसणारे घ्यावे? हा प्रश्न केवळ यंत्राचा वाटतो. परंतु गवत किती वाढू द्यायचे आणि त्यातील कीटक कसे सांभाळायचे, हे ठरल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही.

दोन रचना, दोन कामे

मागचे यंत्र तीन बिंदूंच्या जोडणीवर बसते आणि मागच्या पीटीओवर, सामान्यतः मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या गतीवर चालते. उंच गवत व जाड देठांची तणे कापणारा रोटरी स्लॅशर आणि गवताचा बारीक चुरा करणारा मल्चर हे त्याचे परिचित प्रकार. हायड्रॉलिकच्या साह्याने ते उचलता येते. काम संपले की सोडून त्या जागी फवारणी यंत्र किंवा रोटाव्हेटर जोडता येतो. मात्र ट्रॅक्टरची चाके गवतावरून आधी जातात, त्यामुळे चाकोरीतील दबलेले गवत काही वेळा न कापताच राहते. चालकाला सतत मागे वळून पाहावे लागते. ओळीच्या टोकाला वळताना यंत्राचा मागचा कोपरा बाहेर झुकून खोडाला इजा होण्याचा धोकाही असतो.

पोटाखालचे यंत्र मुख्यतः हिरवळीच्या देखभालीसाठी विकसित झाले. ते दोन्ही चाकांच्या मध्ये असल्याने सौम्य चढउतारांवर कापणी एकसारखी होते, चालकाला ते सहज दिसते आणि अरुंद जागेतही वळता येते. परंतु त्यासाठी ट्रॅक्टरला मधला पीटीओ लागतो. भारतातील बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना तो नसतो. शिवाय यंत्र जमिनीलगत असल्याने वरंबे, आळी, दगड आणि ठिबकच्या नळ्या यांच्याशी त्याची गाठ पडते. गुडघाभर वाढलेल्या गवतात ते तुंबते. आखूड गवत वारंवार कापणे हेच त्याचे खरे काम.

गवतातील मित्रकीटक

बागेतील गवत आणि फुलोऱ्यातील तणे ही ढालकिडे, क्रायसोपा, सिरफिड माश्या व कोळी यांची आश्रयस्थाने असतात. किडींच्या अंड्यांवर व अळ्यांवर उपजीविका करणाऱ्या अनेक परोपजीवी कीटकांच्या प्रौढांना तेथेच मकरंद मिळतो. संपूर्ण बाग एकाच दिवशी जमिनीलगत कापली, तर हा आसरा एकदम नाहीसा होतो. म्हणून एक सोडून एक ओळ कापावी आणि पहिल्या ओळींतील गवत पुन्हा वाढू लागल्यावर उरलेल्या ओळी घ्याव्यात. कापणीची उंची १० सेंटिमीटरच्या आसपास ठेवल्यास जमिनीलगतच्या कीटकांची हानी कमी होते. चुरा जितका बारीक, तितका गवतातील कीटकांचा नाश अधिक, हेही मल्चर निवडताना ध्यानात घ्यावे.

वेळही तितकीच महत्त्वाची. सातेरी, फुलोरी व आग्या माश्या तणांच्या फुलांवर असताना यंत्र चालवू नये. सकाळी लवकर किंवा सायंकाळी उशिरा कापणी करावी. पिकाच्या ऐन फुलोऱ्यात फुललेली तणे कापल्यास त्यांवरील फुलकिडे पिकाकडे वळू शकतात, म्हणून ते काम आधीच उरकावे. कीटकनाशक फवारणे अटळ असेल, तर तणांची फुले फवारणीपूर्वी कापावीत. एरवी विषारी फुलांवर मधमाश्या येत राहतात. गाजरगवत मात्र फुलण्यापूर्वीच काढावे.

निवड कशी करावी?

अशा टप्प्याटप्प्याच्या कापणीत काही ओळींतील गवत उंच वाढणारच. ते कापण्याची क्षमता मागच्या स्लॅशरमध्ये असते, म्हणून बहुतेक फळबागांसाठी तोच योग्य ठरतो. कापणीच्या प्रत्येक फूट रुंदीसाठी पीटीओवर सुमारे ५ अश्वशक्ती लागते, असा ढोबळ हिशेब आहे. पीटीओवर २० अश्वशक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरला ४ फुटी यंत्र पेलते. ९ फूट अंतराच्या द्राक्षओळींत वेलींलगतचा पट्टा सोडून दोन फेऱ्यांत काम होते. जड यंत्रामुळे ट्रॅक्टरचे पुढचे टोक हलके होते, म्हणून उताराच्या बागेत पुढे वजने लावावीत. पोटाखालचे यंत्र क्रीडांगण, उद्यान, संस्थांचे आवार अशा सपाट व नियमित कापणीच्या जागी शोभते.

पीटीओ शाफ्टवरील संरक्षक आवरण कधीही काढू नये. फिरत्या पात्यांखालून दगड दूरवर उडतात, म्हणून कापणी चालू असताना जवळपास कोणालाही उभे राहू देऊ नये. अडकलेले गवत काढण्यापूर्वी इंजिन बंद करून पाती पूर्ण थांबू द्यावीत. खरेदीपूर्वी भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रातून यंत्र आणून स्वतःच्या बागेत एक-दोन ओळी कापून पाहाव्यात. वळायला पुरेशी जागा आहे का, ठिबकच्या नळ्या सुरक्षित राहतात का आणि उंची हवी तशी बदलता येते का, हे त्यातून पैसे गुंतवण्याआधीच कळते.