खटक्याची मनाई

दाराच्या बिजागरीत लांब स्क्रू बसविणाऱ्या सुताराचे बरेचसे श्रम स्क्रूवर नव्हे, तर मूठ धरण्या-सोडण्यातच खर्ची पडतात. कारण मनगट एका दमात अर्ध्या फेऱ्याच्या फारसे पलीकडे वळत नाही, आणि या धरसोडीत पाते खाचेतून निसटून रंधलेल्या लाकडावर ओरखडा उठण्याची धास्ती असते ती निराळीच. मूठ न सोडता हात मागे आणता यावा, एवढ्याच हेतूने रॅचेटच्या स्क्रूड्रायव्हरची योजना झालेली आहे.

त्याच्या पोटात पात्याच्या दांड्याशी जखडलेले एक लहानसे दातेरी चक्र असते आणि स्प्रिंगच्या दाबाने एक खटका त्या दात्यांत रुतून बसलेला असतो. मूठ उजवीकडे वळविली की खटका दात्याला अडतो व मुठीबरोबर पातेही फिरते. डावीकडे वळविली की तोच खटका दात्यांवरून करकरत घसरतो आणि पाते जागचे हलत नाही. हाताच्या घड्याळाला चावी देताना ऐकू येणारी करकर याच जातीची. स्क्रू काढावयाचा असेल त्या वेळी बाहेरची कळ सरकवून उलट तोंडाच्या दुसऱ्या खटक्याकडे अंमल सोपवावा. कळ मध्यावर ठेवली म्हणजे दोन्ही दिशांच्या घसरणीला मज्जाव होऊन हत्यार साध्यासारखे वागते. गंजून बसलेला स्क्रू हलविताना हीच मधली जागा इष्ट, कारण त्या वेळचा सारा जोर एका बारीक खटक्याने सोसावा, ही अपेक्षा गैरवाजवी होय.

चक्राला 24 दाते असतील तर हात निदान 15 अंश वळल्याखेरीज पुढचा दाता हाती येत नाही. 72 असतील तर 5 अंश पुरतात, आणि यंत्राच्या सांदीकोपऱ्यात ही सवलत मोलाची ठरते. मात्र त्याच आकारात दाते वाढविले की ते बारीक व नाजूक होतात. आणखी एक गोम अशी की, स्क्रूचे आटे लाकडात धरले नसतील तर खटक्याच्या घसरणीची एवढीशी ओढही त्याला उलटा फिरविते. सबब पहिले दोन वळसे बोटांनीच द्यावेत.

या घराण्यातील खरी करामत, माझ्या मते, फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रदर्स या कारखान्याने नावारूपाला आणलेल्या ‘यांकी’ची. तिच्या दांड्यावर मळसूत्री खाचा कोरलेल्या असून मूठ नुसती पुढे दाबली की पाते गरगर फिरते, आणि हात सैल सोडताच आतली स्प्रिंग मूठ माघारी आणते. 1946 साली स्टॅन्ले कंपनीने तो कारखाना आपल्याकडे घेतला. पुढे विजेच्या व बॅटरीच्या यंत्रांनी ‘यांकी’ची कामगिरी बव्हंशी हिरावून घेतली. जुन्या बाजारात एखादी मिळालीच, तर दांडा आत दाबून अडकविलेला आहे की काय हे आधी पाहावे, आणि त्याला अडकवून धरणारे कडे सोडताना टोक कोणाच्याही तोंडासमोर धरू नये. दांडा बाणासारखा बाहेर येतो.